क्वेंच अँड टेंपर प्लेटचं वेल्डिंग: कमी तापवलं तर तडा, जास्त तापवलं तर मऊ

प्रश्न असा आहे: एस६९०क्यूएल ग्रेडच्या, म्हणजे मिलमध्ये पाणी देऊन कडक केलेल्या (क्वेंच अँड टेंपर) जास्त ताकदीच्या पोलादाचा गर्डर बनवायचा आहे. फ्लँज (वरची-खालची आडवी पट्टी) ३० मिमी, वेब (मधली उभी पट्टी) १० मिमी. दोन्ही प्लेटचे बट जोड (कडेला कडा लावून) आणि मग वेब-फ्लँजचं फिलेट (कोपऱ्यातला तिकोनी वेल्ड). साध्या स्ट्रक्चरल प्लेटच्या सवयीनं ७०१८ हा साध्या पोलादाचा रॉड वापरून, प्रीहीट न करता, म्हणजे प्लेट आधी न तापवता सुरुवात केली. बीड (वेल्डची पट्टी) देखणा आला, त्याच दिवशीची तपासणीही पास झाली आणि दोन दिवसांनी फ्लँजच्या बाजूला बीडच्या कडेनं केसासारखा तडा दिसला. प्रीहीट किती करायचं, रॉड कोणता घ्यायचा आणि शेवटी भट्टीत घालून स्ट्रेस रिलीव्ह केलं, म्हणजे तापवून आतला ताण काढला, तर भागेल का?

आधी थोडक्यात सांगतो. उशिरानं उघडणारा तडा हा जवळजवळ नेहमी हायड्रोजनचा असतो. ३० मिमी फ्लँजला, रॉड खरोखर कोरडे असतील तर, साधारण १२५° से. प्रीहीट लागेल. १० मिमी वेबला त्याच्या निम्मंही पुरतं. तिथं धोका उलटा आहे, जास्त उष्णतेनं प्लेट मऊ पडण्याचा. बट जोडाला ७०१८ चालणार नाही, फिलेटला चालू शकतो. स्ट्रेस रिलीव्ह करू नका. आणि तपासणी वेल्ड संपल्यावर किमान ४८ तासांनी करा. आता कारणं, कारण ती कळली नाहीत तर पुढच्या कामात हेच आकडे चुकीच्या ठिकाणी लागतील.

हे पोलाद वेगळं का

या प्लेटला मिलमध्येच पाणी दिलेलं असतं. सुमारे ९००° पर्यंत तापवून पाण्याच्या फवाऱ्याखाली झटक्यात थंड करतात (क्वेंच). त्यातून कडक पण ठिसूळ मार्टेन्साइट तयार होतं. मग पुन्हा ६०० च्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात (टेंपर). कार्बन फार नसतो, ०.२० टक्क्यांच्या आत. ६९० मेगापास्कलची यील्ड (कायमचं वाकायला लागण्याआधीची ताकद) मिळते ती मिश्रधातूंपेक्षा या पाणी देण्यातून. म्हणजे तुम्ही ज्या प्लेटवर आर्क पेटवता, तिचा उष्णतेचा हिशेब आधीच पूर्ण झालेला आहे आणि तुम्ही तो बीडच्या दोन्ही बाजूंना पुन्हा उघडता.

बीडला चिकटून असलेला पट्टा ९०० च्या वर जातो आणि बाजूच्या थंड प्लेटमुळे पुन्हा क्वेंच होतो, पण या वेळी टेंपर करायला कोणी नसतं. तिथं कडकपणा वाढतो. त्याच्या थोडं पलीकडे असा पट्टा असतो, जो टेंपरिंगच्या तापमानाच्या वर गेला पण पुन्हा कडक होण्याइतका तापला नाही. तो मऊ पडतो. उष्णता कमी दिली तर पहिला पट्टा ठिसूळ, जास्त दिली तर दुसरा रुंद. शिवाय जास्त उष्णतेनं पहिल्या पट्ट्यातले कण फुगतात आणि थंडीतली आघात-ताकद जाते. क्यूएल मधला एल म्हणजे −४०° ला आघात चाचणीची हमी. ती हमी प्लेटची असते, तुमच्या जोडाची नाही.

साध्या प्लेटला फक्त खालची मर्यादा असते: अमुक इतकं तरी तापवा. इथं वरचीही मर्यादा आहे आणि दोन्हींमधली जागा जाडीनुसार सरकते. अनुभवी वेल्डर इथंच फसतो, कारण ‘जाड प्लेट आहे, जरा सढळ हातानं तापव’ ही सवय हाडात मुरलेली असते.

मोजायची गोष्ट: ८०० ते ५०० चे सेकंद

वेल्ड ८००° वरून ५००° ला यायला किती सेकंद घेतो, यावर कडेच्या पट्ट्याचं नशीब ठरतं. ६९० वर्गाच्या प्लेटसाठी साधारण ५ ते १५ सेकंदांत राहिलात तर बरं. ५ च्या खाली कडक आणि तडाप्रवण, २० च्या पुढे ताकद आणि आघात-ताकद दोन्ही घसरतात. नेमका पल्ला मिल आपल्या माहितीपत्रकात देते. तो असेल तर तोच धरा.

आधी उष्णता काढू. व्होल्टेज × अँपिअर × कार्यक्षमता, भागिले वेग. युरोपीय पद्धतीत कार्यक्षमता रॉड आणि मॅगसाठी (वायर आणि गॅसचं वेल्डिंग) ०.८, सबमर्ज्ड आर्कसाठी (फ्लक्सच्या भुकटीखालचा आर्क) १.०, टिगसाठी (टंगस्टन इलेक्ट्रोडचं वेल्डिंग) ०.६ धरतात. अमेरिकन पद्धतीत हा गुणक लावतच नाहीत. त्यामुळे मिलचा आलेख एका पद्धतीचा आणि तुमचा डब्ल्यूपीएस (वेल्डिंगची लेखी पद्धत) दुसऱ्या पद्धतीचा असला, तर आकड्यात २० ते २५ टक्क्यांचा फरक गुपचूप शिरतो. डब्ल्यूपीएसवर कोणती पद्धत वापरली ते लिहून ठेवा. उदाहरणार्थ, मॅगला २९ व्होल्ट, २७० अँपिअर आणि मिनिटाला २५ सेमी वेग: २९ × २७० × ०.८ = ६२६४ वॉट, भागिले ४.१७ मिमी प्रति सेकंद, म्हणजे सुमारे १.५ किलोज्यूल प्रति मिमी.

जाड प्लेटमध्ये उष्णता तिन्ही दिशांना पळते. तिचं सूत्र: सेकंद = (६७०० − ५ × ता) × उष्णता × [१ ÷ (५०० − ता) − १ ÷ (८०० − ता)]. यात ‘ता’ म्हणजे त्या पासच्या (बीडच्या एका फेरीच्या) आधीचं प्लेटचं तापमान. १२५° आणि १.५ किलोज्यूल घातले की उत्तर येतं सुमारे ११ सेकंद. इंटरपास (दोन पासांमधलं प्लेटचं तापमान) २०० पर्यंत चढलं तर १४. म्हणजे ३० मिमी फ्लँज बऱ्यापैकी क्षमाशील आहे.

आता तेच सेटिंग १० मिमी वेबच्या बट जोडावर न्या. पातळ प्लेटमध्ये उष्णतेला खाली जायला जागाच नाही, ती फक्त आडवी पसरते आणि वेळ उष्णतेच्या वर्गानं वाढतो. पातळ प्लेटच्या सूत्रानं १२५° ला १.५ किलोज्यूलसाठी ४० सेकंदांच्या वर जातो. प्रीहीट अजिबात केलं नाही, प्लेट २०° ला असली, तरी २६ सेकंद. म्हणजे तापमान कमी करून हे वाचत नाही, उष्णताच कमी करावी लागते. ०.९ किलोज्यूलवर आलात की २०° ला ९ सेकंद आणि ६५° ला ११. पण लगोलग दुसरा-तिसरा पास मारून प्लेट १५०° ला नेलीत तर १७ आणि २००° ला २३. अमेरिकन डी१.१ ही पोलादी बांधकामाच्या वेल्डिंगची संहिता एएसटीएम ए५१४ सारख्या (याच जातीचा अमेरिकन ग्रेड) प्लेटला ३८ मिमी जाडीपर्यंत प्रीहीट आणि इंटरपासची कमाल २००° आणि त्याच्या वर २३०° सांगते. १० मिमीसाठी ही कमाल मर्यादा फारच ढिली आहे. माझ्या मते वेबचं इंटरपास १०० ते १२० च्या वर जाऊ देऊ नका. थांबावं लागेल, त्या वेळात दुसरा जोड घ्या. पाणी किंवा ओला कपडा मारून थंड करण्याचा विचार मात्र करू नका.

ही गणितं ढोबळ आहेत. जोडाच्या आकारानुसार त्यांना गुणक लागतात. बटला साधारण ०.९, जाड प्लेटच्या फिलेटला सुमारे ०.६७. हा शेवटचा आकडा नीट बघा. फिलेटमध्ये उष्णता तीन पायांनी पळते, त्यामुळे वेळ एक-तृतीयांशानं घटतो. ३० मिमी फ्लँजवर १ किलोज्यूलचा फिलेट, १२५° प्रीहीट असूनही, जेमतेम ५ सेकंदांत येतो. प्रीहीटशिवाय तर त्याहून बरंच कमी. तुमचा तडा फ्लँजच्या बाजूनं गेला तो याच हिशेबानं. लहान फिलेट म्हणजे किरकोळ काम असं वाटतं. पण या पोलादात जाड प्लेटवरचा एकच पातळ फिलेट हा सगळ्यात वाईट प्रकार आहे.

प्रीहीटचा आकडा कुठून येतो

मिल टेस्ट सर्टिफिकेट हातात घ्या आणि सीईटी काढा (कार्बन समतुल्य, म्हणजे सगळ्या मिश्रधातूंचा परिणाम कार्बनच्या हिशेबात): कार्बन + (मँगेनीज + मॉलिब्डेनम) ÷ १० + (क्रोमियम + तांबं) ÷ २० + निकेल ÷ ४०. समजा कार्बन ०.१८, मँगेनीज १.३, मॉलिब्डेनम ०.३, क्रोमियम ०.३, निकेल ०.१ आहे. सीईटी सुमारे ०.३६ येतं. सर्टिफिकेटवर बहुतेकदा जुना सीईव्ही छापलेला असतो, तो याच प्लेटला ०.५२ दाखवेल. हे दोन वेगळे मापदंड आहेत. एकाचा आकडा दुसऱ्याच्या सूत्रात घातला की प्रीहीट हास्यास्पद येतं.

प्रीहीटचं युरोपीय सूत्र असं आहे: ६९७ × सीईटी + १६० × टॅनएच(जाडी ÷ ३५) + ६२ × हायड्रोजनचा ०.३५ वा घात + (५३ × सीईटी − ३२) × उष्णता − ३२८. टॅनएच म्हणजे कॅल्क्युलेटरवरचं हायपरबोलिक टॅन्जंट. हायड्रोजन म्हणजे १०० ग्रॅम वेल्ड धातूमागे किती मिलिलिटर. सीईटी ०.३६, जाडी ३०, हायड्रोजन ५, उष्णता १.५ घातली की १२४° येतं. हायड्रोजन ५ ऐवजी १० धरलात की १५३°. रॉड जपण्यातल्या हलगर्जीपणाची किंमत ही अशी थेट तीस अंशांत मोजता येते.

जाडी १५ केली तर आकडा ७७ वर येतो. १० मिमी आणि ०.९ किलोज्यूलला ६५. पण इथं एक गंमत आहे. मिल सहसा पातळ प्लेटला तोच ग्रेड कमी मिश्रधातू घालून देते, कारण पातळ प्लेट पाण्याखाली आरपार कडक होते. १० मिमीच्या सर्टिफिकेटवर सीईटी ०.३० निघालं तर सूत्र २०° म्हणतं, म्हणजे फक्त कोरडी प्लेट. म्हणून दोन्ही जाड्यांची सर्टिफिकेटं वेगळी वाचा. ग्रेड तोच आहे म्हणून आकडा तोच धरू नका. वेगवेगळ्या जाडीचा जोड असेल तर प्रीहीट जाड भागाच्या हिशेबानं.

हे सूत्र सीईटी ०.५० पर्यंतच खरं मानतात. ४१४० सारख्या शाफ्टच्या पोलादाचं सीईटी ०.५५ च्या आसपास जातं. त्यालाही लोक ‘क्वेंच अँड टेंपर’ म्हणतात, पण कार्बन ०.४० असलेलं ते पोलाद वेगळ्याच वाटेनं जातं. इथले आकडे त्याला लावू नका. तसंच झिजरोधक ४०० किंवा ५०० ब्रिनेलची प्लेट: तीही पाणी दिलेलीच, पण ती अगदी कमी तापमानाला टेंपर केलेली किंवा न केलेलीच असते. २००-२५०° च्या वर गेली की तिचा कडकपणा उतरायला लागतो. गर्डरच्या प्लेटला चालणारी बरीच मोकळीक तिथं चालत नाही.

प्रीहीट देताना टॉर्चच्या ज्योतीतली वाफ थंड प्लेटवर पाणी होऊन बसते. ते पाहून ‘प्लेटला घाम आला’ म्हणतात. तिथं थांबू नका, ते पूर्ण उडालं पाहिजे. तापमान शक्य तर गरम केलेल्या बाजूच्या उलट बाजूनं मोजा, जोडाच्या कडेपासून जाडीच्या चौपट अंतरावर, पण फार तर ५० मिमी. एकाच बाजूनं पोच असेल तर ज्योत काढून दर २५ मिमी जाडीमागे २ मिनिटं थांबून मग मोजा. ज्योत चालू असताना मोजलेला आकडा कातडीचा असतो, प्लेटचा नाही. टेंपरेचर स्टिक किंवा टेकवून मोजायचा थर्मामीटर वापरा. इन्फ्रारेड गन ग्राइंड केलेल्या चकचकीत धातूवर बरंच कमी दाखवते आणि मग माणूस आणखी तापवत बसतो.

रॉड आणि वायर

फुल पेनिट्रेशन बट, ज्यात ताण जोडाला आडवा येतो, तिथं जुळती ताकद हवी: अमेरिकन वर्गीकरणात ११०१८-एम, युरोपीयमध्ये ६९ वर्ग, मॅगला ११० वर्गाची सॉलिड किंवा कोअर्ड (आत फ्लक्स भरलेली) वायर. ११०१८-एम ची यील्ड ६७० ते ७६० मेगापास्कल असते. खालची मर्यादा तर असतेच, वरचीही आहे, आणि ती मुद्दाम आहे. गरजेपेक्षा ताकदवान वेल्ड धातू इथं फायद्याचा नाही. तो जितका ताकदवान, तितका हायड्रोजनला हळवा आणि आकसताना शेजारच्या प्लेटला ओढणारा.

वेब-फ्लँजचा फिलेट लांबीच्या दिशेनं शिअर वाहतो. तिथं ७०१८ वापरता येतो, अट एकच: डिझायनरनं थ्रोट (फिलेटची जाडी) ४९० मेगापास्कलच्या वेल्ड धातूच्या हिशेबानं काढलेला हवा. मऊ धातू ताणाखाली थोडा वाहतो आणि तडा टाळतो. बटच्या रूट पासला (तळाचा पहिला पास) आणि टॅकलाही (प्लेट धरून ठेवणारा छोटा वेल्ड) हाच विचार लागू आहे. मऊ रूट घालून मागून गाउज करून (आर्कनं कोरून) काढून टाकला तर ताकदीचा प्रश्नच उरत नाही. तुमच्या कामात चूक ७०१८ ची नव्हती. चूक थंड जाड प्लेटची आणि बहुधा रॉडच्या ओलाव्याची होती.

हायड्रोजनचा मुख्य स्रोत रॉडचं कोटिंग. बेकिंग पाकिटावर लिहिलं असेल तसंच करा. या वर्गाच्या रॉडना बहुधा ३५०-४००° च्या आसपास एक ते दोन तास लागतात. १५० च्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवलेला रॉड फक्त गरम असतो, बेक झालेला नसतो. बेक करून झाल्यावर १२०° च्या होल्डिंग ओव्हनमध्ये आणि तिथून गरम क्विव्हरमध्ये (वेल्डरजवळचा रॉडचा डबा). डी१.१ प्रमाणे साधा ७०१८ उघड्या हवेत ४ तास चालतो, ९० वर्गाचा १ तास आणि १०० व ११० वर्गाचा फक्त अर्धा तास. एका वेळी अर्ध्या तासात संपतील इतकेच रॉड हातात द्या. उरलेले ओव्हनमध्ये परत, आणि वेळ उलटलेले पुन्हा बेक करायचे तर एकदाच. वारंवार बेक केलेल्या रॉडचं कोटिंग ठिसूळ होऊन झडतं. उघडल्यापासून ठरावीक तासांत वापरायची व्हॅक्यूम पाकिटं महाग वाटतात, पण ओव्हनची शिस्त पाळणारं कोणी नसेल तर तीच स्वस्त पडतात.

सॉलिड वायर या बाबतीत निर्धोक, पण गंजलेली किंवा तेलकट रीळ तिचा सगळा फायदा घालवते. कोअर्ड वायर घ्यायची तर शिवण नसलेली घ्या. शिवणीतून ओलावा आत जातो. सबमर्ज्ड आर्कचा फ्लक्सही बेक करायचा असतो, हे बऱ्याच ठिकाणी विसरलं जातं, आणि रात्रभर हॉपरमध्ये राहिलेला फ्लक्स सकाळी तसाच ओतला जातो. बेव्हलवरचा (जोडाच्या तिरक्या कडेवरचा) गंज, रंग, कटिंग ऑइल आणि झिंक प्रायमर दोन्ही बाजूंना २५ मिमी तरी ग्राइंड करून काढा.

गॅस कटिंगनं केलेल्या बेव्हलची कातडी कडक असते. कटिंगनंतर एखादा मिमी ग्राइंड करून काढा. प्लाझ्मा नायट्रोजन किंवा हवेवर चालवला असेल तर कडेत नायट्रोजन शिरतो आणि तो पुढे वेल्डमध्ये छिद्रं देतो, तिथंही ग्राइंडिंगच. कार्बन आर्क गाउजिंगनंतरही तसंच, कारण तिथं कार्बन चढलेला थर राहतो. गाउजिंगलाही प्रीहीट लागतं, हे मात्र सोयीस्करपणे राहून जातं.

हात कसा चालवायचा

टॅक ही दुय्यम गोष्ट समजू नका. दोन सेमीचा टॅक थंड जाड प्लेटवर मारला तर तो एका सेकंदात क्वेंच होतो. टॅक किमान ५० मिमी लांब, पूर्ण प्रीहीट देऊन, मुख्य वेल्डइतक्याच कोरड्या रॉडनं. तडा गेलेला टॅक वर बीड घालून झाकू नका. तडा वितळून जाईल ही आशा असते. तो राहतो आणि रूटपासून वर चढतो.

बीड सरळ ओढायचा. रुंद विणकाम, म्हणजे वीव्हिंग, रॉडच्या कोअरच्या अडीच-तीन पटींपेक्षा जास्त नको. वीव्हिंगनं वेग पडतो, उष्णता दुप्पट होते आणि वेल्डर म्हणतो, अँपिअर तर तेच आहेत! म्हणून मीटरवर विसंबण्यापेक्षा बीडची लांबी आणि सेकंद मोजा. ३.२ मिमी रॉडला २३ व्होल्ट, १२५ अँपिअरवर ०.९ किलोज्यूल हवं असेल तर मिनिटाला १५ सेमी चालावं लागतं. प्लेटवर खडूनं १५ सेमीच्या खुणा करा आणि घड्याळ लावा. दोन-तीन जोडांत हाताला वेग कळतो.

अनेक पातळ पास घातले की प्रत्येक पुढचा पास मागच्याच्या कडेला टेंपर करतो. शेवटचा पास मात्र कोणी टेंपर करत नाही. म्हणून कॅपचा (सगळ्यात वरच्या थराचा) शेवटचा बीड प्लेटच्या कडेला न घालता मधे घाला. कडेचे दोन आधी, मधला शेवटी. मग टेंपर न झालेला भाग वेल्ड धातूत राहतो, प्लेटच्या कडेत नाही.

आर्क नेहमी खाचेच्या आत पेटवा. प्लेटवर सहज लागलेला ठिपका, जो साध्या पोलादात कुणी बघत नाही, तो इथं काही दशांश मिमी खोलीचा काचेसारखा कडक खड्डा असतो. असा ठिपका पडलाच तर ग्राइंड करून काढा आणि मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबक आणि लोखंडी भुकटीनं तडा शोधणारी चाचणी) लावून बघा. अर्थ क्लॅम्प ढिला असेल तर त्याच्याखालीही हेच होतं.

क्रम: आधी प्लेटचे बट जोड, मग फिलेट. आकसायला वाव ठेवा. बट जोड मध्येच थांबवू नका. थांबणं भागच असेल तर किमान एक-तृतीयांश खाच भरलेली असावी आणि प्लेट ब्लँकेटखाली हळू थंड व्हावी. पुन्हा सुरू करताना पूर्ण प्रीहीट.

स्ट्रेस रिलीव्ह का नको, आणि त्याऐवजी काय

साध्या प्लेटला ५८०-६२०° ची भट्टी सवयीची. ही प्लेट मिलमध्ये टेंपर झाली तीच मुळी या पल्ल्याच्या आसपास; भट्टीनं त्याला गाठलं किंवा ओलांडलं तर अख्खा गर्डर कमजोर. शिवाय क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम असलेल्या या पोलादांत, पुन्हा तापताना कडेच्या पट्ट्यातल्या मोठ्या कणांच्या सीमांवरच भेगा पडण्याचा धोका असतो. ज्याला रीहीट क्रॅकिंग म्हणतात ते हेच. आणि हायड्रोजनचा तडा आधीच पडलेला असेल तर भट्टी तो सांधत नाही. एखाद्या संहितेनं सक्तीच केली असेल तर सर्टिफिकेटवरचं टेंपरिंग तापमान बघा आणि त्याच्या किमान ३०° खाली राहा.

तुम्हाला खरं तर हवं आहे ते हायड्रोजन बाहेर काढणं, आणि त्याला एवढी उष्णता लागत नाही. जोड गार होऊ न देता, प्रीहीटच्या तापमानावरूनच २००-२५०° ला नेऊन किमान दोन तास धरा आणि ब्लँकेटखाली सोडा. ३० मिमी जाडीला आणि आवळून बांधलेल्या जोडांना हे करण्यासारखं आहे. १० मिमी वेबला गरज नाही. जोड आधी हवेत गार झाला आणि मग हे पोस्टहीट (वेल्डनंतरचं तापवणं) लावलं तर मधल्या वेळातच तडा जाऊन बसलेला असू शकतो. हायड्रोजनचा तडा साधारण १५०° च्या खालीच पडतो.

वाकलेला गर्डर ज्योतीनं सरळ करताना कमाल सुमारे ६००°, त्याच्या वर नाही. रंगावर विसंबू नका. उजेडात अंधुक लाल दिसेपर्यंत मर्यादा ओलांडलेली असते.

तपासणी आणि आत्ताचा तडा

ए५१४ वर्गाच्या प्लेटला डी१.१ नुसार वेल्ड संपल्यावर ४८ तासांच्या आत अंतिम व्हिज्युअल तपासणीच मान्य नाही. तुमची पहिल्या दिवशीची तपासणी पास झाली कारण तडा अजून पडलाच नव्हता. घड्याळ शेवटच्या पासपासून चालू होतं, दुरुस्ती केली की पुन्हा शून्यापासून.

दुसरी गोष्ट इन्स्पेक्टरला आवर्जून सांगा. आजच्या प्लेटचा कार्बन इतका खाली आला आहे की पुष्कळदा कडेचा पट्टा वाचतो आणि तडा वेल्ड धातूतच, बीडला आडवा पडतो. जाड बट, ११० वर्गाचा रॉड आणि जेमतेम प्रीहीट असेल तिथं हे हमखास. प्रीहीटचं सूत्र प्लेटच्या रसायनावर बेतलेलं आहे. वेल्ड धातू प्लेटपेक्षा जास्त मिश्रधातूचा असेल तर सीईटी त्याचं काढा आणि जो आकडा मोठा तो घ्या. नेहमीचं अल्ट्रासॉनिक स्कॅनिंग बीडला काटकोनात चालतं, त्यात आडवा तडा सहज निसटतो. कॅप सपाट करून बीडच्या लांबीच्या दिशेनंही प्रोब चालवायला लावा. पृष्ठभागाला डायपेक्षा (रंगीत द्रवानं तडा शोधण्यापेक्षा) मॅग्नेटिक पार्टिकल बरं. केसासारख्या बंद तड्यात डाय जात नाही.

कडकपणा तपासणार असाल तर ईएन आयएसओ १५६१४-१ हे वेल्डिंग पद्धतीच्या चाचणीचं मानक या गटातल्या पोलादाला वेल्ड केलेल्या अवस्थेत ४५० एचव्ही१० (विकर्स कडकपणा) पर्यंत परवानगी देतं. साध्या पोलादाची मर्यादा ३८० आहे. चाचणीच्या तुकड्यावर ४५० च्या वर गेलात तर प्रीहीट किंवा उष्णता वाढवा. आणि ३०० च्या बरंच खाली गेलेला रुंद पट्टा दिसला तर उलटं करा.

गर्डरवर भार वरखाली होणार असेल, क्रेनसारखा, तर एक कटू गोष्ट: वेल्ड केलेल्या जोडाची फटिग ताकद (वारंवारच्या भाराखाली टिकण्याची) प्लेटच्या ग्रेडबरोबर वाढत नाही. बीडच्या कडेची खाच दोन्हीकडे सारखीच असते. तिथं ६९० ची प्लेट घेऊन वजन वाचवल्याचा हिशेब अनेकदा फसतो. बीडची कडा बर ग्राइंडरनं गुळगुळीत केली किंवा टिगनं पुन्हा वितळवली तर काही फायदा मिळतो. पूर्ण झालेला गर्डर हॉट-डिप गॅल्व्हनाइझ करायचा बेत असेल तर तो सोडा. आम्लात हायड्रोजन शिरतो आणि वितळलेलं जस्त ताणाखालच्या कडक कडांत भेगा पाडू शकतं. रंग किंवा झिंक स्प्रे करा.

आत्ताच्या तड्यासाठी: दोन्ही टोकं मॅग्नेटिक पार्टिकलनं नक्की करा, प्रत्येक टोकाच्या पुढे ५० मिमी धरा. तो भाग १२५-१५०° ला आणून गाउज करा किंवा ग्राइंडरनं काढा, खाच यू आकाराची आणि तळाला गोल ठेवा. गाउजिंगनंतरचा थर घासून पुन्हा मॅग्नेटिक पार्टिकल लावा. तडा दिसत नाहीसा होईपर्यंत नाही, त्याच्या पुढे २ मिमी खोल जा. मग खोलीनुसार दोन-तीन सरळ पास, तापमान न उतरू देता २००° ला दोन तास, ब्लँकेट, ४८ तास. आणि त्याच दिवशी, त्याच रॉडच्या डब्यातून वेल्ड झालेले बाकीचे फिलेटही तपासून घ्या. जिथं एक सापडला तिथं तो एकटा सहसा नसतो.